गोवा, दमण आणि दीव: आईबरोबर, विजेच्या सायकलवरून

आई एकतीस वर्षं कराडजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवत होती. १९ डिसेंबर १९६१ या तारखेपाशी आली की "गोवा, दमण आणि दीव" ही तीन नावं ती एका दमात घ्यायची. गोवा आम्ही चारदा पाहिलं. वापीला मावशीकडे गेलो तेव्हा दमणही झालं. दीव मात्र राहिलं ते राहिलंच. नोकरी संपली, गुडघ्यांची झीज सुरू झाली आणि किल्ल्यांच्या सहली बंद पडल्या. गेल्या वर्षी अडुसष्टावा वाढदिवस झाला तेव्हा मी तिला विचारलं, कुठे जायचंय? ती लगेच म्हणाली, "तिसरं नाव राहिलंय."

हॉटेलचं बुकिंग करताना कळलं की दीवमध्ये विजेवरच्या सायकलींवरून गाईडबरोबर फिरता येतं, एक दिवस शहर आणि एक दिवस सगळं बेट. मी आईला सहज सांगितलं. लग्नाआधी ती कराडात रोज सायकलनेच कॉलेजला जायची. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाली, "दांडी नसलेली मिळेल का विचार."

दिवस पहिला

वांद्रे टर्मिनसहून वेरावळची सौराष्ट्र जनता एक्सप्रेस धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे वेरावळ, तिथून गाडी करून कोडीनार, ऊना आणि दीव. जानेवारीतली सकाळ होती. रस्त्याकडेला गहू उभा होता, मधूनच नारळाच्या बागा लागत होत्या. बेट म्हटल्यावर मनात होडी असते, पण इथे पूल ओलांडला की आपण पोचलेलो असतो. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये फक्त एक खाडी आहे. आईने पुलावर गाडी हळू घ्यायला लावली.

दिवसभर विश्रांती घेतली. संध्याकाळी धक्क्यावर गेलो. समोर पाण्यात पाणीकोठा दिसतो, खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभ्या राहिलेल्या जहाजासारखा दगडी जलदुर्ग. पोर्तुगीज काळात तिथे कैदी ठेवत. मावळतीचं ऊन त्याच्या भिंतींवर पडलं होतं आणि मासेमारीच्या होड्या त्याला वळसा घालून आत येत होत्या. आई कठड्याला टेकून अंधार पडेपर्यंत बघत राहिली.

दिवस दुसरा

साडेसहाला सायकली दारात आल्या. आमचा गाईड खारवा समाजातला, पंचविशीतला मुलगा. त्याचे आजोबा मचव्यावर, वडील ट्रॉलरवर आणि हा सायकलवर. आईला त्याने पहिल्या वाक्यापासून "बा" म्हटलं आणि शेवटपर्यंत तेच चालवलं.

सायकल नेहमीपेक्षा जड असते. वीस-बावीस किलो सहज भरेल, कारण बॅटरी खालच्या नळीवर बसवलेली आणि मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात. हँडलवर छोटा पडदा आणि एक ते पाच आकडे. पॅडल मारलं की मोटर मदत करते, थांबवलं की तीही थांबते. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलींना नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही, ही त्यातलीच. गाईडने आईला एकच गोष्ट तीनदा बजावली: बसताना पॅडलवर पाय ठेवून भार द्यायचा नाही. चालू असेल तर सायकल झेप घेते. आधी बसायचं, दोन्ही ब्रेक दाबून धरायचे आणि मग पाय. ब्रेक दाबलेला असला की मोटर तोडली जाते.

आईने सगळं ऐकून घेतलं. ओढणी खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारली. बसली, ब्रेक धरले, डावा पाय जमिनीवर, उजवा पॅडलवर. मग ब्रेक सोडला. पॅडल पाव फेरा फिरलं आणि मोटरने मागून हलकेच ढकललं. पाठीवर कुणीतरी हात ठेवावा तसं. तिचं हँडल एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे, आणि मग सरळ झालं. खाडीकाठच्या त्या रिकाम्या रस्त्यावर ती शंभरेक पावलं पुढे गेली, वळली आणि परत आली. चेहरा लाल झाला होता. "गुडघा बोलतच नाहीये गं," म्हणाली. मी खूप दिवसांनी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं.

आधी झांपा दरवाजा. दीव शहर बेटाच्या पूर्व टोकावर आहे आणि पश्चिमेकडून त्याला आडवी कोटभिंत घातलेली आहे. झांपा हा त्या भिंतीचा मुख्य दरवाजा. लालसर रंग, वर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेला. आत शिरताच एक इवलंसं प्रार्थनास्थळ आहे, १७०२ सालचं. चारचाकीतून ते दिसलंही नसतं. आम्ही थांबलो, कारण सायकलला थांबायला जागा शोधावी लागत नाही. दीवसारख्या गावात हे वाहन किती योग्य आहे ते पहिल्या अर्ध्या तासातच पटलं. गल्ल्या अशा आहेत की समोरून गाय आली तर एकाला उतरावं लागतं, आणि चालत फिरायचं तर आईचे गुडघे दुसऱ्या चौकातच संपले असते.

मकाता गल्लीत जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं आहेत. नगरशेठची हवेली तर चुन्यातल्या नक्षीने आणि फळांच्या घोसांनी भरून गेली आहे. पण माझं लक्ष गेलं ते कुलपांकडे. एका घराच्या दाराला पितळी कडी, तिच्यात गंजलेलं कुलूप, आणि कुलपाच्या भोकात कोळ्याने विणलेलं पांढरं जाळं. गाईड म्हणाला, ही माणसं लिस्बनला आहेत, शेजारची लंडनला. इथल्या लोकांचं परदेशी जाणं आजचं नाही. १६८६ मध्ये पोर्तुगीजांनी दीव आणि मोझांबिकमधला व्यापार इथल्या वाण्यांच्या एका कंपनीला दिला होता. पिढ्यान्‌पिढ्या इथून माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, म्हणून तो ओघ अजून चालू आहे. फक्त बंदर बदललं.

बेटावर याहूनही जुनं येणं-जाणं आहे. पारशांच्या परंपरेप्रमाणे इराणहून निघालेले त्यांचे पूर्वज संजाणला पोचण्याआधी एकोणीस वर्षं दीवमध्ये राहिले होते. आईला हे माहीत होतं, पण "राहिले होते" म्हणजे नेमकं कुठे, याचं चित्र आता तिच्यापुढे आलं.

सेंट पॉल चर्च बघताना जुन्या गोव्याच्या बॉम जेझूची आठवण येतेच. जेझुइटांचं हे चर्च १६१० मध्ये पुरं झालं आणि आजही चालू आहे. आतलं लाकडी कोरीवकाम अंधारात हळूहळू दिसायला लागतं, त्यासाठी पाच मिनिटं गप्प बसावं लागतं. सेंट थॉमसच्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. सेंट फ्रान्सिस असिसीचं १५९३ चं, तिथे पुढे रुग्णालय होतं. ही दोन्ही आम्ही भराभर उरकली, कारण आईची नजर किल्ल्याकडे लागली होती.

किल्ल्याबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या चढाईने अडचणीत आला तेव्हा त्याने १५३५ मध्ये पोर्तुगीजांशी तह केला आणि दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. पुढे त्याला पस्तावा झाला. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या याला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना इथल्याच पाण्यात मारला गेला. पुढल्या वर्षी तुर्की सेनापती सुलेमान पाशाच्या आरमाराने किल्ल्याला वेढा घातला. तो फसला. त्याच मोहिमेतली नीलम नावाची तोफ आज जुनागढच्या उपरकोटावर आहे.

सायकली दरवाजाशी लावल्या. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. आम्ही सह्याद्रीतली माणसं, किल्ला म्हणजे काळा कातळ. हा दगड वेगळाच. पिवळट, खरबरीत, जवळून पाहिलं तर साखरेच्या दाण्यांसारख्या कणांचा. सगळं बेट या चुनखडकाचं आहे. समुद्री शिंपल्यांचे बारीक कण वाऱ्यापाण्याने साठत साठत झालेला. तो मऊ, म्हणून सहज कापता येतो आणि खाऱ्या वाऱ्याने झिजतोही लवकर. खंदकाच्या भिंतीवर छिन्नीचे तिरके वार अजून मोजता येतात. सकाळी नायडा गुंफांमध्ये हेच पाहिलं होतं. कोटाबाहेर दगड काढता काढता तयार झालेल्या त्या पोकळ्या, भिंतींना चौकोनी खाचा आणि वरून झिरपणारा उजेड. एका जागी जमिनीतून उचललेला डोंगर दुसऱ्या जागी भिंत होऊन उभा आहे, हे अर्ध्या तासाच्या अंतराने पाहिलं की किल्ला कसा झाला ते सांगावं लागत नाही.

बुरुजावर तोफा आहेत, समुद्राकडे तोंड करून. आई एका तोफेशेजारी सावलीत बसली आणि शिकवायला लागली. ऐकायला मी आणि गाईड, एवढाच वर्ग.

"आपण चौल-रेवदंड्याची सहल केली होती, आठवतं? तिथून हे सुरू होतं. मार्च १५०८. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा एकुलता एक मुलगा लोरेन्सो चौलच्या बंदरात होता. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आलं, त्याच्या मदतीला दीवचा सुभेदार मलिक अयाज आला. लोरेन्सोचं जहाज निसटताना कोळ्यांनी जाळ्यांसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकलं आणि तो मारला गेला. बाप पेटून उठला. ३ फेब्रुवारी १५०९ ला तो इथे आला, या समोरच्या पाण्यात. मामलुक, गुजरात, कालिकतचा राजा सामूतिरी, सगळे एका बाजूला. तरी तो जिंकला. अरबी समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो तेव्हापासून."

ती थोडी थांबली. मग दुसरा वेढा सांगितला, १५४६ चा. पोर्तुगीज गव्हर्नर झुआंव द कास्त्रोने आपला मुलगा फेर्नांदो किल्ला राखायला पाठवला होता. सुरुंगाने बुरूज उडाला त्यात तो गेला. बाप आरमार घेऊन आला, वेढा मोडला, पण भिंती पडल्या होत्या आणि तिजोरीत पैसा नव्हता. त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाची हाडं पाठवणार होतो, असं त्यात आहे, पण त्याला पुरून फार दिवस झाले नसल्याने तसं करता आलं नाही, म्हणून माझ्या दाढीचे केस पाठवतो. गोव्याने पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले.

"आणि पलीकडे?" मी विचारलं.

"पलीकडेही बापलेकच. गुजरातचा सेनापती ख्वाजा सफर तोफगोळ्याने पडला. त्याचा मुलगा रूमीखान पुढे लढला आणि शेवटच्या लढाईत तोही गेला." तिने तोफेवर हात ठेवला. "मी हे सगळं फळ्यावर सनावळीसारखं लिहिलं गं. पहिला वेढा, दुसरा वेढा. मुलं पाठ करायची आणि दोन मार्क मिळवायची. हा दगड असा कोमट असतो, हे मला कुठे माहीत होतं."

खाली उतरताना गाईड म्हणाला, "बा, १९६१ चं पण सांगा." तेही तिने सांगितलं. विमानांनी धावपट्टीवर केलेला मारा, आयएनएस दिल्लीने समुद्रातून किल्ल्यावर डागलेल्या तोफा, वेगा नावाची पोर्तुगीज गस्ती नौका बुडाली आणि तिचा तरुण कप्तान तिच्याबरोबर गेला ते. गाईडच्या आजोबांनी ते आवाज ऐकले होते. माजघरात धान्याच्या कोठीमागे सगळी पोरं दडून बसली होती, एवढंच ते सांगायचे.

दिवस तिसरा

आजचा पल्ला मोठा. दक्षिण किनाऱ्याने बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारापर्यंत जायचं आणि परत यायचं, साधारण तीस किलोमीटर. सातला निघालो.

पहिला थांबा जालंधर. टेकाडावर लहानसं देऊळ. जालंधर दैत्य आणि त्याची पतिव्रता वृंदा, म्हणजे आपली तुळस. तुळशीच्या लग्नाला दरवर्षी सांगितली जाणारी गोष्ट इथल्या जमिनीला चिकटलेली आहे. जालंधराला मारायला विष्णूने चक्र सोडलं ते इथे, म्हणून जवळच्या किनाऱ्याचं नाव चक्रतीर्थ. आईने वृंदेच्या नावाने हात जोडले, जालंधरालाही जोडले.

त्याच बाजूला समुद्राकडे पाहणारं खुकरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून समुद्रात आत आयएनएस खुकरीला पाकिस्तानी पाणबुडी हंगोरचा टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. याच नावाची पुढची युद्धनौका २०२१ च्या अखेरीस निवृत्त झाली, तीही दीवला आणून ठेवली आहे. प्रतिकृतीसमोर आम्ही कुणीच बोललो नाही. आईने चपला काढल्या होत्या.

फुदमला गंगेश्वर. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापन केली असं मानतात. भरतीची लाट आत येते, पाचही पिंडींवरून जाते आणि खडकाच्या फटींतून खळखळत परतते. पायऱ्या ओल्या आणि शेवाळी, त्यामुळे आई वरच थांबली. मी खाली जाऊन पाणी ओंजळीत आणलं, निम्मं वाटेत सांडलं.

पुढे नागवाकडे जाताना होका दिसायला लागतात. ताडच, पण याच्या खोडाला बेचके फुटते, मग त्या फांदीला पुन्हा बेचके. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेलं झाड असं गाईडसकट सगळे सांगतात. वनस्पतिशास्त्रात मात्र ही जात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचीच धरली जाते. मी त्याला तसं म्हटलं तेव्हा तो खूश झाला. "म्हणजे अमारुंच!" म्हणाला. पुढच्या दहा झाडांकडे तो मालकाच्या नजरेने बघत होता.

नागवाचा किनारा घोड्याच्या नालेसारखा आहे, सुंदर आहे आणि गर्दीने भरलेला आहे. नारळपाणी प्यायलो आणि निघालो.

अकराच्या सुमाराला समोरून समुद्रवारा सुरू झाला. तीन आकड्यावर चाललेली सायकल आता चारवर जेमतेम तेवढीच चालत होती. विजेच्या सायकलवर वारा अंगाला कळत नाही, बॅटरीला कळतो. माझ्या पडद्यावर निघतानाच पाचापैकी तीन खुणा होत्या. मी सकाळी विचारलंही होतं, तर देणाऱ्याने "आरामात पोचाल" म्हटलं. वणाकबारात शिरताना एकच उरली. तीस किलोमीटरच्या पल्ल्याला निघणाऱ्या माणसाला अर्धी भरलेली बॅटरी देणं बरोबर नाही. कुणी एकटं असतं तर भर दुपारी अडकलं असतं. तुम्ही गेलात तर पाचही खुणा दिसल्याशिवाय हलू नका. दीवची दिवसाची विजेची गरज सौरऊर्जेवर भागते म्हणून या शहराचं देशभर नाव झालं आहे, तिथे बॅटरी भरायला अडचण कसली?

वणाकबारा मला किल्ल्याइतकंच आवडलं. बंदरात शेकड्याने होड्या, प्रत्येकीवर फडके, आणि काठावर बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेली मासळी. किनाऱ्यावरच लाकडी मचवे बांधतात. एका सांगाड्यापाशी थांबलो. उभ्या फासळ्यांवर फळ्या चढल्या होत्या आणि एक म्हातारे कारागीर दोन फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस भरत होते. छिन्नी ठेवायची, लाकडी हातोडीने हलकेच दोन ठोके, छिन्नी बोटभर पुढे. आवाज बदलला की फट भरली. ते बघत नव्हतेच, ऐकत होते. आईने विचारलं, नकाशा कुठे आहे? त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

जेवण गाईडच्या मावशीकडे झालं. बाजरीचा रोटला, लसूण घातलेला वांग्याचा ओळो, गूळ-तूप आणि ताक. ओळो म्हणजे आपलं भरीतच, पण चुलीत भाजलेलं आणि तेलाला हात न आखडलेलं. आईने मावशींना गुजरातीत "हजी आपो", म्हणजे अजून वाढा, असं म्हटलं. हे ती केव्हा शिकली कोण जाणे.

परतताना वारा पाठीवर होता. तरी चारेक किलोमीटरवर माझ्या सायकलचा पडदा विझला. आता ती नुसती बावीस किलोची सायकल होती. गाईडने अदलाबदल करू म्हटलं, पण मी नको म्हटलं, मला चालवायची होती. आई पुढे निघून गेली. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना होका, आणि त्यांच्यामधून कमरेला ओढणी बांधलेली आई एका लयीत चालली होती. थोड्या वेळाने तिने मागे न बघता घंटी वाजवली, दोनदा. लहानपणी तिच्या कॅरिअरवर बसून शाळेत जाताना वळणावर ती अशीच दोनदा वाजवायची. मी माझी वाजवली.

दिवस चौथा

दुपारी निघायचं होतं. सकाळी पूल ओलांडून घोघल्याला चक्कर मारली. पुलाचा चढ आईने दोनच्या आकड्यावर चढवला, उतारावर मोटर बंद केली. वाळूत पाय बुडवून थोडा वेळ बसलो आणि परत आलो.

सायकली न्यायला गाईड आला तेव्हा आई तिची सायकल स्टँडवर लावून खाली वाकली होती. एका हातात हॉटेलातून मागून घेतलेला जुना पंचा. साखळीतली वाळू ती कडी कडी पुसून काढत होती. गाईड म्हणाला, "बा, रहेवा दो, मी करतो." "खाऱ्या वाऱ्याने गंजेल रे ती," आई म्हणाली, पॅडल उलटं फिरवून साखळी पुढे ओढली आणि पुढच्या कड्या पुसायला घेतल्या.